वारा फिरला, मासा रुसला

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ओकीचोबी नावाचे गोड्या पाण्याचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा व्यापतात, तिच्या तिपटीहून अधिक. खोली मात्र सरासरी तीन मीटरसुद्धा नाही. काठाने लव्हाळी व पाणवनस्पती दाट माजलेल्या असतात आणि त्यांच्या आडोशाला लार्जमाउथ बास नावाचा मासा दबा धरून बसलेला असतो. या माशासाठी दूरदूरचे हौशी गळकरी तेथे येतात.

हिवाळ्यातील एखादा आठवडा डोळ्यांपुढे आणा. दोन-तीन दिवस दक्षिणेकडून उबदार, दमट वारा वाहत आहे. आकाश ढगाळ आहे. मासे आमिषावर तुटून पडत आहेत. मग एका संध्याकाळी काळेभोर ढग येतात, पावसाची जोरदार सर कोसळते आणि वारा एकाएकी फिरून वायव्येकडून वाहू लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे निळे असते, ऊन लख्ख पडलेले असते आणि हवेत चांगलाच गारठा असतो. आपल्याला वाटेल, काय सुरेख दिवस आहे! पण गळकरी मात्र तोंड पाडून बसलेले दिसतात. काल जेथे दर पाच मिनिटांनी गळ ओढला जात होता, तेथे आज दिवसभर दोरा हललासुद्धा नाही.

सरोवर तेच, मासे तेच, आमिषही तेच. मग एका रात्रीत असे झाले तरी काय?

हवेची आघाडी

त्या संध्याकाळी सरोवरावरून जी गेली, तिला हवामानशास्त्रात ‘शीत आघाडी’ म्हणतात. आघाडी हा शब्द युद्धातला आहे आणि तो हवामानशास्त्रात आला तोही युद्धामुळेच. पहिले महायुद्ध संपत आले असताना नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेम ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकॉब आणि त्यांचे सहकारी वादळांचा अभ्यास करीत होते. उबदार हवा आणि थंड हवा एकमेकींत सहजासहजी मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये एक स्पष्ट सीमा राहते आणि बरीचशी वादळे या सीमेवरच उद्भवतात, असे त्यांना आढळले. समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांच्या आघाडीची उपमा त्या काळात सहज सुचण्यासारखी होती. तेच नाव पुढे रूढ झाले.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. ती पुढे सरकताना पाचरीसारखी उबदार हवेच्या खाली घुसते आणि तिला वर उचलते. वर गेलेली दमट हवा निवते, ढग बनतात व पाऊस पडतो. पाचर पुढे निघून गेली की मागे उरते ती फक्त थंड, कोरडी आणि जड हवा. म्हणून आघाडी गेल्यावर चार गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. तापमान उतरते, वायुभार वाढतो, वाऱ्याची दिशा बदलते आणि आकाश निरभ्र होते.

येथेच आपल्या कोड्यातील खरी अडचण आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या. त्यांतील कोणती माशाला भोवली? चार संशयित एकाच वेळी घरात शिरले असतील, तर चोर कोण हे नुसत्या वेळेवरून ठरवता येत नाही. प्रत्येकाची वेगळी उलटतपासणी घ्यावी लागते.

पहिला संशयित : तापमान

मासा हवेत राहत नाही, पाण्यात राहतो. तेव्हा हवा किती गार झाली यापेक्षा पाणी किती गार झाले, हे पाहिले पाहिजे. एक घनमीटर पाणी एक अंशाने निवण्यासाठी जेवढी उष्णता बाहेर पडावी लागते, ती एक घनमीटर हवेच्या मानाने सुमारे ३,५०० पट असते. त्यामुळे एका रात्रीत हवा दहा-पंधरा अंशांनी उतरली, तरी पाणी तेवढे कधीच उतरत नाही.

तरीपण ते निवते खरे. कोरडा वारा पाण्यावरून वाहू लागला की बाष्पीभवन वाढते. माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शिकला आहातच. येथे सगळे सरोवरच माठ बनते! एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८५ कॅलरी उष्णता खर्च होते. तीन मीटर खोल पाण्यातून केवळ पाच मिलिमीटर जाडीचा थर उडून गेला, तर उरलेले सर्व पाणी जवळजवळ एक अंशाने निवेल. हा हिशेब तुम्ही वहीत करून पाहा. शिवाय निरभ्र रात्री ढगांचे पांघरूण नसते. त्यामुळे पाण्यातील उष्णता आकाशाकडे अधिक वेगाने निघून जाते.

आता खोलीचे महत्त्व पाहू. वरपासून खालपर्यंत ढवळल्या जाणाऱ्या तीस मीटर खोल पाण्याने तेवढीच उष्णता गमावली, तर त्याचे तापमान एका अंशाच्या दहाव्या भागानेच उतरेल. ओकीचोबीसारखे उथळ सरोवर म्हणूनच आघाडीच्या तडाख्यात लवकर सापडते. त्यातही काठाची हात-दीड हात खोल जागा सर्वांत आधी गारठते.

मासा हा आपल्यासारखा उष्ण रक्ताचा प्राणी नाही. भोवतालचे पाणी जेवढे गार, तेवढे त्याचे शरीर गार. शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग तापमानावर अवलंबून असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. उतरले की त्याच प्रमाणात कमी होतो. दुप्पट हे प्रमाण धरले आणि पाणी २२ अंश सेल्सिअसवरून १६ अंशांवर आले, तर माशाची अन्नाची गरज सुमारे दोन-तृतीयांशावर येते. पोटातले अन्न पचायलाही अधिक वेळ लागतो. कालच्या ढगाळ दिवशी पोटभर खाल्लेल्या माशाला आज भूकच नसते.

येथे एक शंका निघेल. गार पाण्यात माशाला प्राणवायू कमी पडत असेल का? नाही. उलट गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तीस अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो, तर दहा अंशांच्या पाण्यात सुमारे सव्वाअकरा मिलिग्रॅम. मासा गुदमरून नव्हे, तर शरीराचे यंत्र मंदावल्याने स्वस्थ बसतो.

ही मंदी एका मर्यादेपलीकडे गेली तर जीवघेणी ठरू शकते. जानेवारी २०१० मध्ये दक्षिण फ्लॉरिडात कित्येक दिवस कडाक्याची थंडी पडली. तेव्हा स्नूक नावाचे उष्ण पाण्यात राहणारे मासे मोठ्या संख्येने मेले. मॅनेटी नावाचे पाण्यातील सस्तन प्राणीही दगावले. लार्जमाउथ बास मात्र बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतही राहणारा मासा आहे. तो अशा थंडीने सहसा मरत नाही, मंदावतो. पाणी दहा अंशांखाली गेले की त्याचे खाणे फारच थोडे होते.

दुसरा संशयित : वायुभार

बऱ्याच गळकऱ्यांना विचाराल, तर ते तापमानाकडे नव्हे, वायुभारमापकाकडे बोट दाखवतील. “आघाडी गेली की हवेचा दाब वाढतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. ती दाबली जाते, माशाला अस्वस्थ वाटते, म्हणून तो खात नाही,” असे ते सांगतात. ऐकायला हे पटते. माशाच्या पोटात अशी पिशवी असते, हे खरेच आहे. तिच्यामुळे तो पाण्यात तरंगता तोल राखतो. पण शास्त्रात नुसते पटणे पुरत नाही. आकडे मांडून पाहू.

आघाडी चांगली जोरदार असेल, तर वायुभार १,००५ हेक्टोपास्कलवरून १,०२५ पर्यंत चढेल. जुन्या पुस्तकांतील मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच. म्हणजे वाढ झाली २० हेक्टोपास्कल. आता पाण्याचा दाब पाहा. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेले की दाब जवळजवळ एक हेक्टोपास्कलने वाढतो. तेव्हा एवढ्या मोठ्या आघाडीने पडलेला फरक भरून काढायला माशाला फक्त वीस सेंटिमीटर वर यावे लागेल. वीस सेंटिमीटर म्हणजे तुमची वीत! बेडकामागे धावताना बास याच्या कितीतरी पट खाली-वर करतो आणि तेव्हा त्याची भूक जात नाही. तेव्हा पिशवी दाबली जाऊन मासा बेजार होतो, हे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही.

पण म्हणून वायुभाराला पूर्ण निर्दोष सोडायचे का? घाई करू नका. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर गॅब्रिएल नावाचे वादळ आले. तेथील टेरा सेआ नावाच्या उथळ खाडीत काळ्या टोकाच्या परांच्या शार्क माशांची पिल्ले वाढत होती आणि शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगात लहान ध्वनिप्रेषक बसवलेले होते. वादळ येण्यापूर्वी वायुभार उतरू लागला, तशी ती पिल्ले खाडी सोडून खोल पाण्यात निघून गेली आणि वादळ सरल्यावर परतली. गंमत अशी, की शार्कला हवेची पिशवी मुळी नसतेच! म्हणजे वायुभाराचा बदल काही माशांना कळत असावा. पण तो दुखणे म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून. निसर्ग असा एका आकड्यात हार जात नाही. एक स्पष्टीकरण चुकीचे ठरले, म्हणून प्रश्न संपत नाही.

तिसरा आणि चौथा : ऊन आणि वारा

ढगाळ, अंधुक उजेडात शिकारी माशाची चलती असते. भक्ष्याला तो उशिरा दिसतो. लख्ख उन्हात आणि नितळ पाण्यात मात्र लहान मासे त्याला लांबूनच ओळखतात. मोकळ्या पाण्यात हिंडून काही हाती लागत नाही, तेव्हा बास दाट वनस्पतींच्या सावलीत, बुडालेल्या ओंडक्याखाली किंवा थोड्या खोल जागी जाऊन बसतो. तेथून समोर आले तेवढेच टिपायचे, असा त्याचा बेत असतो. तो सरोवर सोडून गेलेला नसतो. त्याने आपले राज्य आखडते घेतलेले असते.

वाऱ्याचे काम दुहेरी आहे. तो उथळ सरोवराच्या तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ करतो, आणि वरचे पाणी एका काठाकडे लोटतो. त्यामुळे एकाच सरोवराचा एक काठ गढूळ, तर आडोशाचा दुसरा काठ नितळ व थोडा उबदार असू शकतो.

आता आमिष कोणते?

एवढे समजले, की आमिषाची निवड पाठ करावी लागत नाही. ती आपोआप सुचते. कृत्रिम आमिषे ढोबळमानाने दोन स्वभावांची असतात. काही धावरी, तर काही बैठी.

धावऱ्या आमिषांत चमकते चमचे, गरगरणाऱ्या पात्यांच्या फिरक्या आणि माशाच्या आकाराची लाकडी किंवा प्लास्टिकची आमिषे येतात. फिनलंडमधील लाउरी रापाला या मच्छीमाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. थव्यातून थोडा वाकडातिकडा, डळमळत पोहणारा लहान मासाच मोठा मासा नेमका हेरतो, हे त्याने पाहिले. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडापासून तसाच डळमळणारा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यावर मुलामा दिला. डळमळीत चाल म्हणजे ‘मी आजारी आहे, मला पकडणे सोपे आहे,’ अशी जाहिरातच!

बैठ्या आमिषांत मऊ प्लास्टिकची अळी सर्वांत ठळक. १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अॅक्रन गावी, निक क्रीम यांनी ती प्रथम तयार केली. ती पाण्यात हळूहळू बुडते, तळाशी पडून राहते आणि जरा हलवली की जिवंत वाटते. गळाच्या डोक्याशी जड धातूचा गोळा बसवलेले ‘जिग’ हे आमिषही याच प्रकारचे. ते सरळ खाली सोडून एकाच जागी नाचवता येते. हा गोळा पूर्वी शिशाचा असे. शिसे विषारी असल्याने आता काही ठिकाणी त्याऐवजी टंगस्टन वापरतात.

आघाडी येण्यापूर्वी मासा भुकेला आणि चपळ असतो, तेव्हा धावरी आमिषे योग्य. ती थोड्या वेळात पुष्कळ पाणी पालथे घालतात. आघाडी गेल्यावर मात्र गळकऱ्याने माशाच्या जागी बसून विचार करावा. मंदावलेला मासा शिकारीमागे दूर धावणार नाही. धावण्यात खर्च होणारी शक्ती भक्ष्यातून परत मिळाली पाहिजे ना! म्हणून आमिष बैठे हवे, लहान हवे, आणि ते अगदी त्याच्या तोंडापाशी, सावकाश न्यायला हवे. एकदा टाकून पुढे जायचे नाही; त्याच ओंडक्यापाशी पुन्हा पुन्हा टाकायचे. काठाच्या उथळ पाण्याऐवजी दाट वनस्पतींच्या कडा आणि लगतचे खोल पाणी धुंडायचे. भल्या पहाटे थंडीत कुडकुडण्याऐवजी दुपार गाठायची; कारण उन्हाने पाणी एखाद-दुसरा अंश तापते ते दुपारीच.

रंगाचेही शास्त्र आहे. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो. म्हणून खोल पाण्यात लालभडक आमिष काळपट दिसते. नितळ पाण्यात माशाला बारकावे दिसतात, तेथे खऱ्या भक्ष्यासारखे फिकट, नैसर्गिक रंग आणि बारीक दोरा बरा. गढूळ पाण्यात बारकावे दिसतच नाहीत; दिसते ती फक्त आकृती. म्हणून तेथे गडद रंग उपयोगी पडतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचे ज्ञानेंद्रिय असते. जवळच्या पाण्यातली हालचाल त्याला तिने कळते. तेव्हा गढूळ पाण्यात पाणी ढवळणारे आमिष हवे, मात्र चाल सावकाशच.

आणि दोन-तीन दिवस वाट पाहणे हाही एक डावच आहे. ऊन पाण्याला पुन्हा ऊब देते, वारा पुन्हा दक्षिणेकडे वळतो आणि मासा पुन्हा हिंडू लागतो.

आपल्याकडे काय?

लार्जमाउथ बास हा आपला मासा नव्हे, आणि फ्लॉरिडातल्यासारखी ठसठशीत शीत आघाडी महाराष्ट्रापर्यंत क्वचितच पोचते. पण हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ पुढे सरकला, की त्याच्या मागोमाग कोरडे, थंड उत्तरी वारे आपल्याकडे येतात. नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा किती उतरला, हे मग वर्तमानपत्रांत झळकते. त्या दिवसांत शेततळ्यांतील रोहू, कटला आणि मृगळ यांचेही यंत्र बासप्रमाणेच मंदावते.

येथे प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. मत्स्यशेती करणाऱ्याने थंडीतही रोजच्याएवढेच खाद्य तळ्यात टाकले, तर मासे ते खात नाहीत. उरलेले खाद्य तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि अमोनियासारखी विषारी द्रव्ये निर्माण करते. पैसा जातोच, वर मासेही धोक्यात येतात. म्हणून जाणता शेतकरी थंडीत खाद्य कमी करतो, आणि जे द्यायचे ते ऊन चढल्यावर देतो. ओकीचोबीच्या गळकऱ्याने दुपार का गाठली, त्याचेच हे कारण!

करून पाहा

१. दोन तापमापक घ्या. एक सावलीत हवेत टांगा, दुसरा पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत बुडवा. आठ दिवस सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात वाजता नोंदी करून दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख जास्त खाली-वर जातो? टाकीऐवजी उथळ परात घेतली तर?

२. शाळेत काचेच्या टाकीत मासे असतील, तर एका माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटात किती वेळा उघडमीट करतात, ते सकाळी व दुपारी मोजा आणि शेजारी पाण्याचे तापमान लिहा. पाणी मुद्दाम गार करण्यासाठी बर्फ मात्र टाकू नका. तापमानातला एकाएकी बदल माशाला काय करू शकतो, हे आपण वाचलेच आहे.

३. प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. औषधाच्या ड्रॉपरमध्ये थोडे पाणी घेऊन, तो जेमतेम तरंगेल असा बाटलीत सोडा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपरमधील हवा आकसते व तो बुडतो. सोडली की वर येतो. माशाच्या हवेच्या पिशवीचे हे सोपे प्रारूप आहे.

हे सर्व करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गळकऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. आघाडीनंतर मासे खात नाहीत, हे त्याने अचूक टिपले होते. चुकले होते ते कारण. कारण वायुभारमापकाचा काटा नेमका त्याच वेळी हलला होता. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असे होत नाही. असा गैरसमज गळाला लागलेल्या माशाइतकाच घट्ट धरून बसतो. आणि तो सोडवायला पुष्कळदा एक तापमापक, एक वही आणि थोडे अंकगणित एवढी सामग्री पुरते.